श्वासरोगांच्या संयुक्त लसी व जनावरांची साक्ष

(१)

जुन्या कागदपत्रांच्या शोधांत रमणाऱ्या वाचकांपुढें लसींचा इतिहास मांडावयाचा, तर तसें करण्याचें कारण प्रथम सांगणें प्राप्त आहे. कोणताहि जुना कागद हातीं आला म्हणजे आपण तीन गोष्टी विचारतों: हा कोणीं लिहिला, कशाकरितां लिहिला, आणि लिहिणारास ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असण्याचा संभव होता किंवा नव्हता. महजरांत गांवचा पाटील शिवेविषयीं साक्ष देतो ती शिवेपुरती प्रमाण. त्याच पाटलाचा शब्द दिल्लीच्या राजकारणाविषयीं प्रमाण धरावा असें कोणी म्हणणार नाहीं. हाच विवेक वैद्यकाच्या कागदांस लावला असतां काय निष्पन्न होतें, तें येथें दाखवावयाचें आहे.

"नवी लस जनावरांवर तपासून पाहिली व ती यशस्वी ठरली" असें वाक्य गेल्या शतकांतील वैद्यकीय नियतकालिकांत व वर्तमानपत्रांत वारंवार आढळतें. २०२० च्या महामारीनंतर दोन किंवा तीन श्वासरोगांवर मिळून एकच टोंचणी द्यावी असे प्रयत्न सुरू झाले, तेव्हां हें वाक्य पुन्हां पुष्कळ ठिकाणीं छापून आलें. पुढें या काळाचा इतिहास लिहिणारास तें आयतें सांपडेल व तो तें जसेंच्या तसें उतरून घेईल, असें भय आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें असें आहे कीं, जनावर कोणतें होतें, त्यास काय विचारलें, आणि तुलनेसाठीं दुसरें कोण ठेवलें, या तीन गोष्टी कळल्यावांचून त्या वाक्यास पुरावा म्हणून कांहींहि किंमत नाहीं. जनावराची साक्ष त्यास विचारलेल्या प्रश्नापुरतीच प्रमाण असते. हें मत १९१८ पासूनच्या प्रकरणांवरून तपासून पाहूं. त्यांपैकीं एका प्रकरणांत दोन बालकांचे प्राण गेलेले आहेत. यास्तव हा केवळ पद्धतीचा वाद आहे असें वाचकांनीं समजूं नये.

(२)

१९१८ च्या जून महिन्यांत इन्फ्लुएन्झाची सांथ मुंबई बंदरांत उतरली आणि पुढील कांहीं महिन्यांत तिनें हिंदुस्थानांतील एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. रोगाचें कारण त्या वेळीं कोणासहि ठाऊक नव्हतें. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यानें १८९२ सालीं रोग्यांच्या कफांत एक सूक्ष्म जंतु दाखविला होता व तोच या रोगाचें मूळ होय असें बहुतेकांनीं धरलें होतें. त्या समजुतीवर ब्रिटिश युद्धखात्यानें ऑक्टोबर १९१८ मध्यें सैनिकांसाठीं एक लस ठरविली. तींत फायफरचा जंतु, न्यूमोनियाचा जंतु व स्ट्रेप्टोकोकस अशा तिघांचें मिश्रण होतें. अनेक जंतु एकाच कुपींत घालून श्वासरोगाशीं सामना देण्याचा हा एक आरंभींचा मोठा प्रयत्न म्हणावयास हरकत नाहीं.

या मिश्रणांत सर्व कांहीं होतें. इन्फ्लुएन्झाचें मूळ कारण तेवढें नव्हतें. तें कारण म्हणजे विषाणु. जंतूंस अडविणाऱ्या बारीक गाळणींतूनहि तो पार जातो, आणि साध्या सूक्ष्मदर्शकांतून तो दिसत नाहीं. लसीमुळें मागाहून होणाऱ्या न्यूमोनियास कांहीं आळा बसला असेल. परंतु मूळ रोगावर ती चालते किंवा नाहीं याचा निर्णय करण्याचें साधनच त्या वेळीं नव्हतें. माणसाच्या इन्फ्लुएन्झानें जें खात्रीनें आजारी पडेल असें सोईचें जनावर अद्याप कोणास सांपडलें नव्हतें. साक्षीदारच नाहीं, मग साक्ष कोणाची घ्यावयाची?

पहिला धागा डुकरांकडून मिळाला. अमेरिकेंत १९१८ च्या सांथीबरोबरच आयोवा प्रांतांत डुकरांमध्यें तसाच रोग दिसून आला होता. प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेंत रिचर्ड शोप यांनीं त्याचा पाठपुरावा करून १९३१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी डुकराचा स्राव गाळून निरोगी डुकराच्या नाकांत घातला तर त्यास सौम्य आजार होतो. त्याबरोबर फायफरच्या जंतूचा जातभाई असलेला डुकराचा जंतु दिला तर आजार जबर होतो. आणि नुसता जंतु दिला तर बहुधा कांहींच होत नाहीं. या तीन ओळींचें महत्त्व मोठें आहे. विषाणु एकटा, जंतु एकटा, आणि दोन्ही मिळून, असे तीन निरनिराळे गट केल्यामुळेंच कोणाचा वांटा किती हें उलगडलें. संयुक्त वस्तूची परीक्षा कशी करावी याचा कित्ता शोप यांनीं रोगाच्या बाबतींत घालून दिला. लसीच्या बाबतींत तोच पुढें गिरवावा लागला.

(३)

आतां लंडनकडे वळूं. त्या शहराच्या उत्तरेस मिल हिल येथें राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचें एक शेत होतें. तेथें लेडलॉ व डंकिन हे दोघे १९२० नंतरच्या दशकांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर काम करीत होते. तो रोग फेरेट नांवाच्या जनावरास फार लवकर जडतो असें त्यांच्या प्रत्ययास आलें होतें. फेरेट हें मुंगसाच्या बांध्याचें, लांबट अंगाचें, युरोपांत माणसाळविलेलें जनावर आहे. सशांच्या शिकारीसाठीं तें पाळीत असत. म्हणजे १९३३ च्या आरंभीं लंडनमध्यें इन्फ्लुएन्झाची सांथ आली, तेव्हां फेरेट व त्यांस बाहेरच्या रोगापासून अलग ठेवण्याची सर्व व्यवस्था मिल हिल येथें दुसऱ्याच कामासाठीं तयार होती.

विल्सन स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं रोग्यांच्या घशाच्या गुळण्यांचें पाणी गाळून फेरेटांच्या नाकांत घातलें. दोन दिवसांत जनावरांस ताप आला, नाकें वाहूं लागलीं, शिंका येऊं लागल्या. हा वृत्तांत ८ जुलै १९३३ च्या 'लॅन्सेट' मध्यें छापला आहे. पुढें एक आजारी फेरेट विल्सन स्मिथ यांच्या तोंडावर शिंकलें व त्यांस इन्फ्लुएन्झा झाला. त्यांच्या घशांतून काढलेला विषाणु त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांनीं 'डब्ल्यू एस' म्हणून प्रसिद्ध झाला. माणसापासून फेरेटास व फेरेटापासून पुन्हां माणसास, असा रोगाचा फेरा यामुळें पुरा झाला. त्या विषाणूचे वंशज आजहि प्रयोगशाळांत आहेत. हस्तलिखितांच्या नकलांची वंशावळ लावणारांस यांत परकें कांहीं वाटूं नये.

फेरेटाची साक्ष इतकी भरंवशाची कां, याचें उत्तर पुढें मिळालें. माणसाच्या श्वासमार्गांतील ज्या प्रकारच्या शर्करायुक्त रेणूंस हा विषाणु चिकटतो, तसेच रेणु फेरेटाच्या श्वासमार्गांत आहेत. त्यामुळें माणसाचा विषाणु कांहींहि फेरफार न होतां त्यास बाधतो. उंदराचें तसें नाहीं. १९३४ सालीं याच मंडळींनीं विषाणु उंदरांतहि वाढविला. परंतु तो उंदरास मानवेल असा होण्यास एका उंदरांतून दुसऱ्यांत अशा अनेक फेऱ्या कराव्या लागतात. उंदीर स्वस्त व पुष्कळ, म्हणून लसींच्या परीक्षेस तो उपयोगी पडला. पण त्याची साक्ष अनेक हातांतून उतरलेल्या नकलेविषयीं असते, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

फेरेटाच्या साक्षीसहि मर्यादा आहे. प्रयोगासाठीं घेतलेल्या फेरेटास पूर्वीं कधीं इन्फ्लुएन्झा झालेला नसतो. प्रौढ माणसास तो बहुधा अनेकदां होऊन गेलेला असतो. बालपणीं ज्या जातीचा विषाणु प्रथम अंगीं लागला, तिची ओळख शरीर जन्मभर विसरत नाहीं, व पुढील प्रत्येक लसीस त्या जुन्या ओळखीच्या आधारें उत्तर देतें, असें अमेरिकेंतील थॉमस फ्रान्सिस यांनीं १९६० सालीं प्रतिपादिलें. जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञमंडळी दर वर्षीं फेब्रुवारी व सप्टेंबर या महिन्यांत लसीसाठीं विषाणूंच्या जाती निवडते, तेव्हां फेरेटांच्या रक्तद्रवाचा उपयोग आजहि होतो. परंतु त्याबरोबर माणसांचा रक्तद्रवहि तपासावा लागतो, त्याचें कारण हेंच.

(४)

खऱ्या अर्थानें विषाणूंची संयुक्त लस होण्याचा प्रसंग १९४० सालीं आला. त्या वर्षीं फ्रान्सिस यांनीं इन्फ्लुएन्झाचा एक नवा विषाणु वेगळा काढला. १९३३ च्या विषाणूवरील रक्तद्रव त्यास मुळींच ओळखीत नव्हता. जुन्यास 'ए' व नव्यास 'बी' हीं नांवें पडलीं. एका विषाणूची लस दुसऱ्यावर चालत नाहीं हें कळतांच दोन्ही एका कुपींत घालणें ओघानेंच आलें. विषाणु कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यांत वाढवावयाचा, फॉर्मॅलिननें मारावयाचा, व दोन्ही जाती मिसळून टोंचावयाच्या, अशी ही कृति होती.

अमेरिकन सैन्याच्या इन्फ्लुएन्झा मंडळानें १९४३ च्या हिवाळ्याच्या तोंडीं सुमारे १२,५०० तरुणांवर ही लस तपासली. निम्म्यांस लस दिली, निम्म्यांस लस म्हणून दुसरेंच पाणी टोंचलें. पाठोपाठ सांथ आली. लस न मिळालेल्यांत शेंकडा ७ जण आजारी पडले, लस मिळालेल्यांत शेंकडा २. हा निकाल १९४४ सालीं प्रसिद्ध झाला, व 'संयुक्त लस यशस्वी' असें त्याचें सार सर्वत्र सांगण्यांत येतें.

परंतु मूळ नोंद काळजीपूर्वक वाचली तर निराळेंच दिसतें. १९४३ ची सांथ केवळ ए जातीची होती. तेव्हां सिद्ध झालें तें ए या भागापुरतेंच. बी भागाची परीक्षा त्या वर्षीं झालीच नाहीं. ती १९४५ च्या हिवाळ्यांत बी ची सांथ आली तेव्हां झाली, आणि त्याहि वेळीं लस उतरली. पुढें १९४७ सालीं ए जातीचा विषाणु इतका पालटून आला कीं त्याच लसीनें जवळजवळ कांहींच संरक्षण दिलें नाहीं. एकाच कुपीचे हे तीन निकाल तीन वर्षांचे आहेत व तिन्ही खरे आहेत. त्यांपैकीं कोणताहि एकच उचलून "संयुक्त लस" या नांवावर नोंदणें म्हणजे एका कलमावरून सबंध तहनामा वाचल्याचा आव आणणें होय.

मिश्रणांत एक घटक दुसऱ्यास अडथळा करूं शकतो, हेंहि मिल हिल येथेंच अधिक स्पष्ट झालें. आयझॅक्स व लिंडेनमन यांनीं १९५७ सालीं दाखविलें कीं, उष्णतेनें निर्बळ केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणु कोंबडीच्या गर्भावरणास लावला तर त्यांतून एक द्रव्य निघतें, आणि तें दुसऱ्या विषाणूस तेथें वाढूं देत नाहीं. त्या द्रव्यास त्यांनीं इंटरफेरॉन असें नांव दिलें. जिवंत विषाणूंची लस एकत्र करणारास हा इशारा होता. मारलेल्या विषाणूंच्या किंवा त्यांच्या प्रथिनांच्या मिश्रणांत अडथळ्याचीं कारणें निराळीं असतात. पण अडथळा नाहीं असें तपासल्यावांचून गृहीत धरतां येत नाहीं.

(५)

आतां ज्या प्रकरणाचा उल्लेख आरंभीं केला त्याकडे येऊं.

वॉशिंग्टन येथील लष्करी संशोधन संस्थेंतील चिंपांझींना एकदां पडसें झालें. त्यांच्यापासून काढलेल्या नव्या विषाणूचें वर्णन १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यास प्रथम 'चिंपांझीच्या पडशाचा विषाणु' म्हणत. पुढील वर्षीं रॉबर्ट चॅनॉक व त्यांचे सहकारी यांनीं तोच विषाणु बाल्टिमोर येथील आजारी बालकांत दाखविला. अर्भकांच्या श्वासनलिकांच्या व फुप्फुसांच्या दाहाचें एक मुख्य कारण तो आहे, असें लवकरच ठरलें. आज तो आर एस विषाणु या संक्षिप्त नांवानें ओळखला जातो. त्यावर लस करण्याची निकड उघड होती, आणि कृति हाताशीं होती: विषाणु माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढविला, इन्फ्लुएन्झाप्रमाणेंच फॉर्मॅलिननें मारला, व तुरटीच्या वर्गांतील ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर दिला.

त्या काळीं अशा लसीस विचारीत ते प्रश्न मुख्यतः दोन होते. विषाणु पुरता मेला आहे काय? आणि टोंचल्यावर रक्तांत प्रतिपिंडें, म्हणजे विषाणूस ओळखून त्याला चिकटणारीं प्रथिनें, उत्पन्न होतात काय? दोहोंचें उत्तर होय असें आलें. तिसरा प्रश्न असा कीं, लस घेतलेल्या जीवास पुढें खरा विषाणु गांठील तेव्हां त्याच्या फुप्फुसांचें काय होईल. हा प्रश्न विचारण्यास सोईचें लहान जनावर या विषाणूच्या बाबतींत तोंवर हातीं आलेलें नव्हतें.

१९६६ सालीं ही लस अमेरिकेंत बालकांस देण्यांत आली. पुढील हिवाळ्यांत विषाणु आला. वॉशिंग्टनमधील लहान अर्भकांच्या गटाचा अहवाल १९६९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतील आंकडे असे: लस घेतलेल्या ३१ अर्भकांपैकीं २० जणांस संसर्ग झाला, त्यांतील १६ जणांस रुग्णालयांत ठेवावें लागलें, दोघें दगावलीं. तुलनेच्या गटांतील बालकांस पॅराइन्फ्लुएन्झा या दुसऱ्या श्वासरोगाची, तशाच रीतीनें केलेली लस मिळाली होती. त्यांपैकीं २१ जणांस आर एस विषाणूचा संसर्ग झाला, व रुग्णालयांत एकट्यासच जावें लागलें. लसीनें रोग टळला तर नाहींच, उलट वाढला. त्याच सुमारास पॅराइन्फ्लुएन्झाच्या तीन जातींची एक संयुक्त लसहि मुलांस देण्यांत आली होती. तिनें अपाय केला नाहीं, व प्रतिपिंडेंहि उत्पन्न केलीं; परंतु रोगापासून रक्षण मात्र केलें नाहीं. प्रतिपिंड मोजणें आणि रक्षण मोजणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें याहून स्पष्टपणें सांगणारा पुरावा शोधूनहि सांपडणार नाहीं.

येथें कोणावर दोष ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांनीं ही लस केली त्यांनींच तिचा निकाल न लपवितां आंकड्यांसह छापला. दोष प्रश्न न विचारल्याचा होता, व तो प्रश्न विचारण्यास साक्षीदार मिळण्यास आणखी कित्येक वर्षें गेलीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गवताळ रानांत कॉटन रॅट नांवाचा एक उंदीर आढळतो. हा विषाणु त्याच्या फुप्फुसांत वाढतो, असें १९७० नंतर लक्षांत आलें. ग्रेगरी प्रिन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९८६ सालीं त्यांनींच त्या उंदरांस फॉर्मॅलिनची लस टोंचली, मग नाकांतून जिवंत विषाणु दिला, व फुप्फुसें तपासलीं. लस घेतलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतील विकृति लस न घेतलेल्यांपेक्षां अधिक होती. बालकांत जें घडलें होतें, तें वीस वर्षांनीं एका रानउंदरानें सांगितलें.

(६)

हें प्रकरण जुन्या वस्तूंचा संग्रह करणारांनीं विशेष ध्यानीं घेण्याजोगें आहे. १९६६ च्या बालकांचा रक्तद्रव फेंकून दिला गेला नव्हता. १९८६ सालीं तोच साठविलेला रक्तद्रव नव्या पद्धतींनीं तपासतां असें आढळलें कीं, लसीनें प्रतिपिंडें भरपूर केलीं होतीं, पण विषाणूस चिकटून त्याला निष्प्रभ करणारीं त्यांत फार थोडीं होतीं. म्हणजे जुनी मोजणी खोटी नव्हती. ती अपुरी होती. त्याचप्रमाणें दगावलेल्या बालकांच्या फुप्फुसांचे तुकडेहि जतन केलेले होते. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्यांची नव्यानें तपासणी झाली, व प्रतिपिंड आणि विषाणु यांच्या गुंत्यामुळें ऊतींस इजा झाल्याच्या खुणा त्यांत दिसल्या. पस्तीस वर्षांनीं त्या तुकड्यांनीं उत्तर दिलें, कारण कोणीतरी ते जपून ठेविले होते.

कॉटन रॅटची साक्ष पुढें उपयोगीं पडली. आर एस विषाणूवरील तयार प्रतिपिंडें देण्याचे उपचार १९९६ व १९९८ सालीं अमेरिकेंत मान्य झाले, त्यांच्या पूर्वपरीक्षेंत या उंदराचा मोठा भाग होता. १९६६ च्या अपयशाचें आणखी एक कारण २०१३ सालीं उजेडांत आलें. विषाणूच्या पृष्ठावरील ज्या प्रथिनास प्रतिपिंडानें अडवावयाचें, तें पेशींत शिरण्यापूर्वीं एका आकाराचें असतें व शिरतांना दुसरा आकार घेतें. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडें पहिल्या आकारास ओळखणारीं असतात. तो आकार स्थिर करून केलेल्या लसी २०२३ सालीं मान्य झाल्या, व त्यांपैकीं एकींत आर एस विषाणूच्या ए आणि बी अशा दोन्ही उपजाती एकत्र आहेत. १९६६ पासून मोजलें तर हा प्रवास ५७ वर्षांचा झाला.

(७)

या इतिहासाचा आमच्या पुण्याशींहि संबंध येतो. १९५२ सालीं येथें विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. २०२० च्या मार्च महिन्यांत, कोविडवरील लसींचें काम जगभर सुरू होतांच, जागतिक तज्ज्ञांची एक सभा भरली व लसीमुळें रोग बळावण्याचा धोका कसा तपासावा याचा विचार झाला. १९६६ चें प्रकरण सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. ज्या लसींत विषाणु मारून ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर दिला जातो, त्यांजकडे विशेष लक्ष देणें भाग होतें. कोव्हॅक्सिन ही भारतीय लस त्याच वर्गांतली. म्हणून त्या क्षाराबरोबर शरीराचा प्रतिसाद दुसऱ्या दिशेस वळविणारें एक द्रव्य तींत जोडण्यांत आलें.

पुण्याच्या संस्थेंत या लसीची परीक्षा हॅम्स्टर व ऱ्हीसस जातीचीं माकडें यांवर झाली. माकडांच्या परीक्षेचा अहवाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला आहे. २० माकडें होतीं. पांच-पांचांचे चार गट केले. एका गटास लस नव्हती. तीन गटांस लसीच्या तीन निरनिराळ्या घडणी चौदा दिवसांच्या अंतरानें दोनदां दिल्या. मग सर्वांस जिवंत विषाणु दिला, व फुप्फुसें तपासलीं. लस नसलेल्या गटांत न्यूमोनियाचीं चिन्हें दिसलीं. लस मिळालेल्या गटांत तीं दिसलीं नाहींत. १९६६ सालीं जो प्रश्न विचारला गेला नव्हता, तो येथें माणसांवरील परीक्षांच्या काळांतच विचारलेला दिसतो. पांच माकडांचा गट लहान आहे, व जो अपाय क्वचित् घडतो तो इतक्या थोड्यांत दिसेलच असें नाहीं. ती मर्यादाहि वाचणारानें जोडीनें नोंदली पाहिजे.

याच काळांत संयुक्त लसीचा प्रश्न नव्यानें पुढें आला. अमेरिकेंतील नोव्हाव्हॅक्स कंपनीनें कोविडचें प्रथिन व इन्फ्लुएन्झाच्या चार जातींचीं प्रथिनें एकत्र करून त्या मिश्रणाची फेरेट व हॅम्स्टर यांवर परीक्षा केली, व २०२१ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यांतील कोविडचा भाग पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें कोव्होव्हॅक्स या नांवानें तयार केला, व त्यास भारतांत डिसेंबर २०२१ मध्यें परवानगी मिळाली. वृत्तांताचा निष्कर्ष असा कीं, मिश्रणानें उत्पन्न केलेलीं प्रतिपिंडें स्वतंत्र लसींच्या तोडीचीं होतीं, आणि मिश्रण घेतलेल्या हॅम्स्टरांस कोविडचा विषाणु दिला असतां त्यांचें वजन घटलें नाहीं व फुप्फुसांत न्यूमोनिया झाला नाहीं.

आतां आमच्या तीन प्रश्नांनीं हा निष्कर्ष वाचूं. जनावरें दोन, व दोघांचें काम निराळें: फेरेट इन्फ्लुएन्झाचें मुरलेलें साक्षीदार, हॅम्स्टर कोविडनें आजारी पडणारें. तुलना मिश्रणाची स्वतंत्र घटकांशीं केलेली, म्हणजे शोप यांचा कित्ता पाळलेला. परंतु प्रत्यक्ष संसर्गाची परीक्षा कोविडच्या विषाणूची आहे. इन्फ्लुएन्झाच्या बाजूचा निष्कर्ष प्रतिपिंडांच्या मोजणीवर उभा आहे. १९४३ सालीं ए ची परीक्षा झाली व बी ची राहिली, त्याच प्रकारची ही अर्धी बाजू होय. अहवाल त्यामुळें असत्य ठरत नाहीं. तो किती बोलतो तेवढेंच मानावें, इतकेंच.

ही सावधगिरी व्यर्थ नाहीं, हें पुढील एका नोंदीवरून दिसतें. ऑगस्ट २०२४ मध्यें फायझर व बायोएनटेक यांनीं आपल्या कोविड-इन्फ्लुएन्झा संयुक्त लसीच्या माणसांवरील मोठ्या परीक्षेचा निकाल जाहीर केला. कोविड व इन्फ्लुएन्झा ए या बाजूंस ती उतरली. इन्फ्लुएन्झा बी च्या बाबतींत प्रतिसाद तुलनेच्या लसीहून उणा पडला. १९४० सालीं वेगळा काढलेला तोच बी विषाणु पुन्हां एकदां संयुक्त कुपींतील दुबळा दुवा ठरला. तसेंच, बी च्या दोन शाखांपैकीं यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर निश्चितपणें आढळलेली नाहीं; म्हणून २०२३ पासून ती लसींतून वगळावी अशी शिफारस झाली. कुपींत काय आहे हें कुपीवरील नांवावरून कळत नाहीं, सालावरून कळतें.

(८)

येणेंप्रमाणें प्रकरणें पाहिल्यावर निष्कर्ष थोडक्यांत सांगतों. १९१८ च्या मिश्रणास साक्षीदारच नव्हता. १९४३ च्या लसीस साक्षीदार मिळाला, पण त्यानें अर्ध्याच भागाविषयीं सांगितलें. १९६६ च्या लसीस भलताच प्रश्न विचारला, आणि त्याचें मोल दोन बालकांनीं दिलें. २०२० व २०२१ मधील परीक्षांत योग्य प्रश्न विचारलेले दिसतात, आणि ते १९६६ च्या नोंदी शिल्लक राहिल्या म्हणूनच विचारतां आले.

प्राण्यांवरील परीक्षा असाव्या कीं नसाव्या हा वाद आज चालू आहे. अमेरिकेंत डिसेंबर २०२२ च्या कायद्यानें व भारतांत २०२३ च्या दुरुस्त नियमांनीं, नवें औषध माणसास देण्यापूर्वीं जनावरांऐवजीं पेशींच्या व तत्सम दुसऱ्या पद्धती वापरण्यास वाट मोकळी झाली आहे. मुक्या जनावरांचे हाल कमी होतील तर तें इष्टच आहे. परंतु नव्या साक्षीदारासहि तेच तीन प्रश्न लागूं आहेत. कांचेच्या नळींतील पेशी फुप्फुसाविषयीं किती सांगूं शकते, हें विचारावेंच लागेल. आणि ज्या फेरेटांचे, उंदरांचे व माकडांचे प्राण यापूर्वीं खर्चीं पडले आहेत, त्यांची साक्ष तरी वायां जाऊं नये.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. जुन्या दवाखान्यांच्या, प्रयोगशाळांच्या व लसखात्यांच्या नोंदवह्या रद्दींत निघतात तेव्हां यशाच्या छापील अहवालांबरोबर फसलेल्या प्रयोगांचे कागदहि घ्यावे. त्यांवर जनावराची जात, गटांची संख्या, टोंचणीची तारीख व मृत्यूची नोंद असेल, तर मजकूर कितीहि रूक्ष असला तरी तो टाकूं नये. १९६६ चा रक्तद्रव व ते फुप्फुसांचे तुकडे ज्यांनीं जपून ठेविले, त्यांस त्यांचा उपयोग काय होईल हें त्या वेळीं ठाऊक नव्हतें.